टिटवीला ऐकू येणारा आवाज

चूप सर कुणालाच ‘चूप’ म्हणत नसत. वर्गात गोंगाट वाढला की ते बोलणं थांबवून खिडकीबाहेर बघत राहायचे, आणि आम्हीच ओशाळून गप्प व्हायचो. हे नाव पडलं ते त्यांना आवाजाचा तिटकारा होता म्हणून. येडशीतल्या त्यांच्या घरी दाराच्या बिजागरीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला वेळेवर तेल मिळायचं. “आवाज म्हंजे वाया गेलेली ताकद, बेटा,” ते म्हणायचे. कॉलेजात गेल्यावर मी मोर्चांची पत्रकं काढू लागले. पहिलंच पत्रक वाचून सर म्हणाले, “उद्गारचिन्हं लई झाली. सायलेन्सर बसव याला.”

निवृत्तीनंतर त्यांनी रिमोटवर चालणारी छोटी गाडी बनवली. शाळेमागच्या मुरमाड माळावर टिटवीनं अंडी घातली होती. माणूस जवळ गेला की ती ओरडत उठायची. गाडीवर कॅमेरा बसवायचा आणि तिला न उठवता पिल्लं बाहेर येताना टिपायची, हा सरांचा ध्यास. आड येत होती मोटर. गाडीतला स्पीड कंट्रोलर मोटरला सलग वीज देत नाही. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत देतो, आणि त्या चालू-बंदचा सूर मोटरमधून निघतो. सरांनी कंट्रोलर लॅपटॉपला जोडून चालू-बंदचा वेग वाढवत नेला. सूर चढत गेला, बारीक झाला, आणि एका सकाळी सरांनी जाहीर केलं, “गेला!”

टिटवी तरीही उठली. सरांनी गाडीला मातकट रंग दिला, चाकांना कापड गुंडाळलं. पुन्हा उठली.

“सर, मोटर वाजतीय.”

“कुठं वाजतीय?”

“कुंई करतीय. डासासारखी.”

“घोषणा देऊन देऊन तुझे कान बिघडलेत.”

मी भडकले, त्याला आणखी एक कारण होतं. सरांचं बालपण फटाक्यांच्या गावात, तेरखेड्यात गेलं. त्यांचे अब्बा फटाके करायचे आणि प्रत्येक खेपेतला एक उडवून बघायचे. लहानगे सर शेजारीच उभे असायचे. फटाके करणाऱ्यांच्या कानांची तपासणी व्हावी म्हणून मी तेव्हा पत्रक लिहीत होते. मला एक माणूस हवा होता, नावानिशी बोलणारा. सरांनी मला दोनदा उडवून लावलं होतं. “माझे कान ठणठणीत हायत. अब्बांनी दारू भरली म्हणून मी मास्तर झालो. त्या धंद्याला नावं ठेवू नको.”

शेवटी मी म्हणाले, “विज्ञान शिकवलंत ना? मग प्रयोग करा. मी पाठ फिरवून उभी राहते.”

सरांनी गाडी विटेवर ठेवली, चाकं अधांतरी. ते मोटर चालू-बंद करत गेले आणि मी न बघता सांगत गेले. एकदाही चुकले नाही. मग त्यांनी गाडी उचलून कानाला लावली. चाक गालाशी फिरत होतं. मग त्यांनी ती दुसऱ्या कानाला लावून बघितली.

“मोबाईलचा अलारम रोज मीच उठून बंद करते,” सरांच्या पत्नी, आमच्या चाची, आतून म्हणाल्या. “मला वाटायचं, सोंग करतायत.”

त्यानंतर सरांनी माझ्या कानांनी गाडी जुळवली. “आता?” “हाय अजून.” “आता?” “न्हाय.” एवढ्या वेगाला कंट्रोलर तापायला लागला, तर उष्णता ओढून घ्यायला त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. टिटवी बसून राहिली. पिल्लं कॅमेऱ्यात आली.

मी पत्रक पुढं केलं. त्यांनी शुद्धलेखनाची चूक काढली आणि म्हणाले, “लिही. फटाक्यांपायी कानातनं आधी बारीक सुराचे आवाज जातात. बाकीचे ऐकू येत राहतात, म्हणून माणसाला कळतच न्हाय. पण माझं नाव नको. भाऊ अजून तेरखेड्यात त्याच कामावर हाय. त्याच्या पोटावर पाय येईल.”

“बिननावाचं खरं कोण मानतं, सर?”

“शब्द दे.”

दिला. रागानं दिला. पिल्लांचा व्हिडिओ ते येईल त्याला दाखवायचे, आणि मी दात-ओठ खायचे. टिटवीसाठी इतकं करणारा माणूस सख्ख्या भावासाठी एक सही करत नाही! आजही मला हे पटलेलं नाही.

सर यंदा गेले. त्यानंतर आम्ही तेरखेड्यात सभा घेतली. मी पत्रकातली सरांची वाक्यं वाचली. मागून एकजण उठला, “हे कोण म्हणतं? नाव सांगा त्याचं.”

पुढच्याच रांगेत सरांचे भाऊ बसले होते. “नाव न सांगायचा शब्द दिलाय,” मी म्हणाले. “बघा, नावच न्हाय,” तो माणूस हसला आणि लोक उठू लागले.

सरांच्या भावानं कानामागं हात धरून शेजाऱ्याला विचारलं, “काय म्हणली पोरगी?”