चीनला गेलेली रजा

"अहो, उतरवा त्याला खाली! सांगा ना त्यांना! माझं पोर म्हणजे काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे का, हातोहात वाटायला?"

माझी बायको चीनच्या भिंतीवर उभी राहून अशी ओरडत होती, की त्या काळी ती तिथे असती तर भिंत बांधायची गरजच पडली नसती. कारणही तसंच होतं. कुठल्याशा लांबच्या खेड्यातून बस भरून सहलीला आलेल्या बायकांनी आमच्या चार वर्षांच्या मुलाला उचललं होतं. एकीने कडेवर घेऊन फोटो काढला, दुसरीकडे दिला, दुसरीने तिसरीकडे. बघता बघता पोर पन्नास पायऱ्या वर गेलं. टपोरे काळे डोळे, कुरळे केस, गालावर काजळाची तीट. असला माल त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा.

मी धापा टाकत मागे धावत होतो आणि ओरडत होतो, "यल्ला, यल्ला! खलास! हबीबी, खलास!" आखातात सात वर्षं काढलेल्या माणसाला परदेशी माणूस दिसला की तोंडातून अरबीच निघते, समोरचा चिनी असो की एस्किमो. बायका खूश झाल्या आणि त्यांनी मलाही फोटोत ओढलं. त्या दिवशी पोराचे चार हजार तरी फोटो निघाले. बायको म्हणते चाळीस. तिला मोठं काही बघवतच नाही.

पण मुळात आम्ही तिथे असायलाच नको होतो. आम्ही असायला हवं होतं गावी, देवरुखला.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. राहायचो शारजात, नोकरी दुबईच्या जबल अली बंदरात. चीनहून येणाऱ्या प्लास्टिकच्या फुलांचं गोदाम होतं, मी त्याचा सुपरवायझर. बाहेर पन्नास डिग्री आणि आत दहा लाख गुलाब, एकालाही वास नाही. कंपनी दोन वर्षांतून एकदा महिन्याची रजा द्यायची. तोवर पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. रजेचा अर्ज मंजूर झाला की सही करून आपलाच पासपोर्ट आपण उसना घ्यायचा, तसा तिथे रिवाजच होता.

रजा म्हणजे गावाला जायचं, हेही ठरलेलंच. रजा कसली, वरातच ती. चाळीस चाळीस किलोच्या बॅगा, अत्तरं, बदाम, ब्लँकेटं, आणि मग महिनाभर नातेवाइकांच्या घरी पोहे. एका रजेत मी सव्वाशे बशा पोहे खाल्ले आहेत. बायको लग्नापासून नुसतं फिरायला म्हणून कुठेही गेलेली नव्हती. शेजारचं कुटुंब सिंगापूरला जाऊन आलं आणि त्यांनी आम्हाला तीन तासांची व्हिडिओ कॅसेट बसवून दाखवली. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. भाजी चिरत बसली. त्या आठवड्यात आम्ही भाजी फारच बारीक चिरलेली खाल्ली.

तेवढ्यात फुलांच्या कारखान्याच्या मालकाने मला चीनला यायचं आमंत्रणपत्र पाठवलं, म्हणजे व्हिसाची सोय झाली. मी पंधरा दिवस रजा घ्यायची, उरलेल्या पंधरा दिवसांचे कंपनीकडून पैसे घ्यायचे आणि त्या पैशांवर तिघांनी चीन बघायचा. असला डाव मी एका दुपारीत रचला. राहता राहिले आण्णा.

आण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं स्टँडवर उभं राहून गाड्यांच्या वेळा सांगितल्यामुळे त्यांच्या बोलण्यात येणं, जाणं आणि उशीर याखेरीज चौथी गोष्ट नसायची. आई गेल्यापासून बहीण त्यांच्याकडे बघायची. त्यांना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसरा कडेकडेने मिटत चाललेला. डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, गेलेलं परत येत नाही, उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही. आण्णांनी फोनवर मला एवढंच सांगितलं, "तुझा मुलगा दोन वर्षांचा असताना बघितलाय. आता बदलला असेल. दिसतंय तोवर एकदा घेऊन ये."

आणि मी, प्लास्टिकची फुलं सांभाळणारा माणूस, म्हणालो, "आण्णा, रजा मंजूर नाही झाली हो. साहेब पासपोर्टच देत नाही. पुढच्या वर्षी नक्की, इन्शाल्ला."

"बरं," आण्णा म्हणाले.

साहेब कसा आडमुठा, कसा पोटभरू, त्याने माझा अर्ज माझ्यासमोर कसा फाडला, हे मी त्यांना पुढची दहा मिनिटं रंगवून सांगितलं. त्याला मिशासुद्धा दिल्या. खऱ्या साहेबाला मिशा नव्हत्या आणि त्याने अर्जावर न बघता सही केली होती.

बायकोने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. "तुम्हाला खरं सांगायला काय झालं होतं?"

"दुखावतील ते."

"आणि आता काय झालेत? खूश?" आणि वर म्हणाली, "पोराला यात घ्यायचं नाही. त्याला खोटं बोलायला शिकवायचं नाही. सांगून ठेवते."

"आणि तू?"

ती गप्प बसली. तिलाही चीन हवा होता, आणि मी ते हेरलं होतं. तिच्या गप्प बसण्याचा मी सोयीस्कर अर्थ लावला. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आलो की हिच्या हट्टापायी गेलो. ती तेव्हाही गप्पच बसायची.

तर चीन. पोराला भाताशिवाय जमत नाही म्हणून आम्ही शारजाहून राइस कुकर नेला होता, त्यात तूरडाळ, मेतकूट आणि लोणच्याची बरणी. बीजिंगच्या हॉटेलात पहिल्याच दुपारी कुकर लावला, भात होत आला आणि आख्ख्या मजल्याची वीज गेली. मजला काय, मला तर वाटलं निम्मं शहर गेलं. दारावर तीन माणसं आली. बायकोने त्यांना मेतकूटभात वाढला. दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं, तिसऱ्याने वाटी चाटून पुसून साफ केली आणि जाताना कुकर घेऊन गेला. तो आम्हाला बारा दिवसांनी, परतीच्या विमानासाठी बीजिंगला आलो तेव्हाच मिळाला. मग पोराने बारा दिवस केळी आणि ब्रेड खाल्ला. राजवाड्यात गेलो तर म्हणाला, "दिस इज जस्ट डोअर्स." बोटीत बसवलं तर म्हणाला, "आय वॉन्ट टू गो टू शारजा." आणि जिथे जाऊ तिथे त्याच्याभोवती गर्दी. दुकानातल्या मुली, पोलीस, सायकलवरून चाललेली म्हातारी, सगळ्यांना त्याचं तोंड निरखून बघायचं होतं. एका म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पोराची हनुवटी धरून चांगली दोन मिनिटं बघत राहिला. मी तेव्हा हसलो होतो.

शुक्रवारी घरी फोन करायचा हा आमचा नेम. शारजात असतो तर केलाच असता, म्हणून बीजिंगच्या हॉटेलातून केला. आवाजात मी जमेल तेवढं शारजा आणलं. "काय आण्णा, इकडे नुसती आग ओकतोय सूर्य!" खिडकीबाहेर पाऊस पडत होता.

आण्णा म्हणाले, "काल डॉक्टरकडे जाऊन आलो. आता कडेचं काहीच नाही. मधलं तेवढं राहिलंय. एक माणूस मावेल एवढं."

मी काहीतरी विनोद केला. कुठला ते आठवत नाही, आणि मला माझे विनोद सहसा आठवतात.

"पुढच्या वर्षी येतोय ना?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के."

"बरं."

फोन ठेवला तेव्हा बायको समोर उभी होती. माझा चेहरा बघून तिने काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती पलंगावर बसली आणि लगेच उठली. "चला. तिकिटं बदलून घेऊ. पुढची गावं गेली खड्ड्यात. इथून मुंबई. आठ दिवस आहेत अजून हातात. पाच दिवस तरी मिळतील."

"आणि काय सांगू? साहेबाने अचानक पासपोर्ट दिला?"

"चीनहून आलो म्हणून सांगा."

"अगं, गेल्याच महिन्यात मी त्यांना..."

"मग कळू दे ना! ओरडतील. ओरडू देत."

ती बरोबर होती. विमान कंपनीचं ऑफिस हॉटेलपासून दोन चौक सोडून होतं, मी सकाळीच बघितलं होतं. छत्री घेऊन खालीही उतरलो. दारात उभा राहिलो. आण्णांचा आवाज मी आयुष्यात चढलेला ऐकला नव्हता, त्यामुळे ते ओरडतील अशी भीती वाटायचं काही कारण नव्हतं. भीती वाटली ती 'बरं'ची. खोटं उघडं पडल्यावर ते कुठल्या सुरात 'बरं' म्हणतील, याचा विचार करत मी वीस मिनिटं त्या दारात उभा होतो. मग वर आलो आणि बायकोला सांगितलं, "तिकिटं बदलत नाहीत म्हणे."

तिने माझ्या कोरड्या बुटांकडे बघितलं आणि बॅगा भरायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या गावाला गेलो आणि मातीचे सैनिक बघितले. हजारोंनी होते. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, असं गाइड सांगत होता. मला सगळे सारखेच वाटले.

पुढच्या वर्षी मी खरोखरच रजेचा अर्ज केला. साहेब म्हणाला, तुझी रजा झालीय, पुढची दोन वर्षं पूर्ण झाल्यावर. मी गयावया केली, वडिलांच्या डोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "गेल्या वर्षी होते ना डोळे? तेव्हा जायचंस." पासपोर्ट तिजोरीतच राहिला. जो साहेब मी आण्णांसाठी बनवला होता तो मला असा भेटला, बिनमिशांचा. त्या पावसाळ्यात बहिणीचा फोन आला, की आण्णा आता भिंतीला हात लावून चालतात. त्या फोननंतर मी गोदामात गेलो आणि संध्याकाळपर्यंत खोकी मोजली. दुसऱ्या दिवशी मोजली तर आकडा वेगळाच आला.

देवरुखला गेलो तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. आण्णा पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान उचलली ती आमच्या थोडी डावीकडे. "उन्हाचे आलात," ते म्हणाले. "गाडी वेळेवर आली वाटतं." मुलाला मी पुढे ढकललं, त्याने वाकून नमस्कार केला. आण्णांचा हात त्याच्या डोक्यावर पडायला दोनदा चुकला, तेव्हा मुलानेच डोकं सरकवून हाताखाली आणलं. मग दोघं गप्पा मारत बसले. म्हणजे आण्णा मराठीत विचारत, आणि हा इंग्लिशमध्ये उत्तर देई. आण्णांचं इंग्लिश एसटीपुरतं होतं, पण तेवढं पुरत होतं.

"शाळा आवडते?"

"इट्स ओके."

"तुझा फोटो पाठवला होता बाबाने. तुझी आत्या म्हणाली, गोरा झालास."

"आजोबा, इन चायना एव्हरीबडी टुक माय फोटो! सगळ्या आंटीज. दे कॅरीड मी ऑन द वॉल."

मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. आत बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"अस्सं?" आण्णा म्हणाले. "कधी रे?"

"व्हेन आय वॉज फोर."

तीस वर्षं ज्याने गाड्यांच्या वेळा जुळवल्या त्या माणसाला बोटांवर मोजावं लागलं नाही. मुलगा उठून अंगणात गेला. आणि मी सुरू झालो. कंपनीचं काम होतं, साहेबाने ऐनवेळी पाठवलं, सांगू नको म्हणाला, फुलांचा मोठा करार होता, चिनी सरकारचा त्यात संबंध होता. पाच मिनिटं मी बोललो असेन. चिनी सरकारपर्यंत आल्यावर मला पुढे काही सुचेना. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. मग मी खरं सांगितलं. ते दोन वाक्यांत संपलं.

आण्णा ऐकत होते. त्यांनी बशी चाचपून कप खाली ठेवला.

"विचारायचंस मला," ते म्हणाले. "जा म्हटलं असतं."