फाटका आवाज हवा होता

नव्वदच्या सुमारास आम्ही चौघे मित्र जळगावात जुनं रॉक वाजवायला शिकत होतो. जुनं म्हणजे तेव्हाच वीस वर्षांपूर्वीचं, ब्लूजमधून निघालेलं, दणकट गिटारचं. कॅसेटवरून कॅसेट उतरवत ते आमच्यापर्यंत पोचे. दुकानात मागितलं तर दुकानदार डिस्को दाखवी. सूर जमले होते, पण गिटारचा तो गुरगुरणारा आवाज निघत नव्हता. आमचा तीस वॅटचा नवा ॲम्प्लिफायर फार स्वच्छ वाजायचा.

तो आवाज सापडला धुळ्यात. तिथे लाउडस्पीकर भाड्याने देणारे एक आबा होते. त्यांच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर धूळ खात पडलेला. गिटार जोडली, आवाज पूर्ण वाढवला, आणि तो थेट कॅसेटमधल्यासारखा फाटला. मी हरखलो. आबांचा चेहरा उतरला.

"ह्याच आवाजापायी एका वरबापाने मला भर मांडवात सुनावलं होतं," ते म्हणाले. "थांबा, दुरुस्त करून देतो."

"नको आबा, असाच द्या."

"असाच? भाऊ, त्याच्यावर माझं नाव रंगवलेलं आहे."

धुळ्यातल्याच एका गणेश मंडळाने आम्हाला रविवारी दुपारी अर्धा तास दिला होता. आमचा पहिलाच कार्यक्रम, आणि समोर बसणार बहुतेक आबांची गिऱ्हाइकं. मी फार गळ घातली, तेव्हा ते कबूल झाले; पण कणकेची खळ करून नावावर वर्तमानपत्राचा कागद डकवला, मगच मशीन बाहेर काढलं.

कार्यक्रमाला ते आले. आधी पार मागे उभे होते. पहिल्या गाण्यानंतर खुर्ची घेऊन मशीनपाशी येऊन बसले आणि फार तापत तर नाही ना, ते हात लावून बघू लागले.

दुसरं गाणं संपलं तसा पुढच्या रांगेतला एक गृहस्थ ओरडला, "आबा, हाई भंगार कोनं शे?" त्याच्या मुलीच्या लग्नाचं काम आबांकडेच ठरलं होतं, हे मला माहीत होतं. मी आबांकडे बघायचं टाळलं.

"भंगार नही शे," आबा म्हणाले. "पोरेस्ले असाच आवाज पाहिजे."

"पन शे कोनं?"

"मनं शे." माझं आहे, असं आबांनी सांगून टाकलं.

आम्ही तिसरं गाणं सुरू केलं. आबा नखाने कागदाचा कोपरा उचलत होते. खळ पक्की होती. कागद तुकड्यातुकड्याने निघत होता. तिकडे बघण्याच्या नादात मी दोनदा चुकलो.