तो गॅस नव्हता

"अगं, तुझ्या हार्टला काय होतंय? या वयात कुणावर जीव जडला का काय?"

डॉक्टर असं म्हणाले आणि बाहेर बाकड्यावर बसलेली माणसं हसली. दार उघडंच होतं. शेजारच्या स्टुलावर माझे मालक, घरधनी, बसले होते. तेही हसले. खाली मान घालून, पण हसले.

मी तासगावात बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. काड्या काढायच्या, काळे मणी बाजूला टाकायचे. दिवसभर बसून काम. तरी आठवडाभर जबडा ठणकत होता. दाढ असेल म्हणून लवंग धरली. मग पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी दगड ठेवल्यागत जड झालं. क्रेट उचलला की दम लागायचा. मळमळायचं. छातीत कळ अशी नव्हती, नुसतं आवळून धरल्यागत. हे सगळं मी सांगत होते. सांगता सांगता हार्ट हा शब्द तोंडातून गेला आणि माझं ऐकून घेणं तिथंच थांबलं.

पट्टा बांधून बीपी बघितलं. वाढलेलं होतं. "घाबरलीस म्हणून," डॉक्टर म्हणाले. पाळी जायच्या वयात बायकांना असंच होतं, गॅस आणि थोडं मनाचं, असं त्यांनी मालकांना सांगितलं. दुखणं माझं, सांगितलं मालकांना. हिला जरा टीव्ही बघू द्या म्हणाले.

घरी मालकांनी ती गंमत सगळ्यांना ऐकवली. मी चुलीम्होरं भाकऱ्या थापत होते. पाठ सगळ्यांकडं होती ते बरं झालं.

माझे थोरले दीर गेल्या वर्षी चहा पिता पिता छाती धरून बसले होते. तवा गल्लीतली गाडी निघाली. चौघं संग गेले. सांगलीला छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं झालं. त्यांचा खरंच गॅस निघाला. परत आल्यावर त्यांना कुणी हसलं नाही. देवाची कृपा म्हणाले, पेढे वाटले.

मला गॅसच्या गोळ्या मिळाल्या. त्या खात मी कामाला गेले.

एका सकाळी शेडवर घामानं लुगडं भिजलं. हात थंड पडले. मुकादमबाई म्हणाली, घरी जा, पड जरा. मी निघाले. स्टँडपाशी आले तर सांगलीची एसटी उभी होती. घरी गेले असते तर लिंबू-सरबत मिळालं असतं. मी एसटीत चढले.

खिडकीला डोकं टेकलं. फोन पिशवीत होता, पण लावायचा कुणाला? बाहेर द्राक्षाच्या बागा मागं पळत होत्या. गाडीत माणसं होती, सगळी आपापल्या गावची. मी इथंच गेले तर शेवटच्या स्टँडवर कंडक्टरला कळेल, एवढंच डोक्यात येत होतं. रडू आलं नाही. दम लागत होता, रडायचं कशानं?

सांगलीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. बरोबर कोण आहे, विचारलं. कुणी न्हाई म्हटलं. पुरुष माणूस? कुणी न्हाई. त्यांनी पोट दाबून बघितलं. "गॅस दिसतोय. इंजेक्शन देतो, घरी जाऊन आराम करा."

मी खाटेची दांडी धरली.

"गॅसच्या गोळ्या खाऊनच आलेय. आधी छातीची पट्टी काढा, रक्त तपासा. मग गॅस म्हणा. त्याबिगर मी हितनं उठणार न्हाई."

त्यांचा चेहरा उतरला. माझा आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. नर्सनं छातीला वायरी लावल्या. पट्टी बाहेर आली, आणि डॉक्टरांनी ती बघितली. मग सगळे पळायला लागले.

हृदयाची बंद झालेली नळी त्यांनी उघडली. दुसऱ्या दिवशी एक बाई डॉक्टर आल्या, खाटेवर बसल्या. हृदयाचा थोडा भाग मेलाय, तो परत येत नाही, असं सरळ सांगितलं. बायकांच्याही छातीत दुखतं, पण जोडीला जबडा, पाठ, दम, मळमळ असं पुरुषांपेक्षा जास्त येतं. म्हणून ते गॅसवर जातं, आणि वेळही जातो. मग त्यांनी विचारलं, "गरोदरपणात बीपी वाढलं होतं?"

वाढलं होतं. पाय सुजले होते, डोळ्यांपुढं अंधारी यायची, फिटचा झटका आला होता. लेक आठव्या महिन्यात काढावी लागली. त्यानंतर या दुखण्यापर्यंत माझ्या दंडाला कुणी पट्टा बांधला नाही.

बाई म्हणाल्या, हे डॉक्टरांनी तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. ज्यांचं गरोदरपणात वाढतं, त्यांना पुढं हार्टचा धोका जास्त. बाळंत झाल्यावरही बीपी बघत राहायचं, मग दर वर्षी. पाळी थांबली की आणखी जपायचं.

मालक संध्याकाळी आले. "मला सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं हुतं. तुमी हसला."

मी कूस बदलली.

माझी लेक उंब्रजला दिलीय. घरी आल्यावर तिचा फोन आला. ती नुकतीच बाळंत झाली होती. डोकं लय दुखतंय म्हणाली. गरोदरपणात तिचंही बीपी वाढलं होतं, हे मला तवा कळलं. आता मूल झालं, कसलं बीपी, असं सासू म्हणाली होती. बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

मी एकटीच उंब्रजला गेले. तिचे सासरे बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत होते. मी कशाला आले ते सांगितलं.

"बायकांच्या जातीला हे हुतंयाच," ते म्हणाले.

"व्हय. बायकांना येगळं हुतं. म्हणून तर येगळं बघाय लागतं. तुमाला इचाराय आले न्हाई मी. हिला दवाखान्यात न्यायला आलेय."

कुणी पाण्याचंही विचारलं नाही. लेकीनं सासऱ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. बाळ तिच्या मांडीवर होतं. सासरे परत पेपरात गेले.

मी उंबऱ्यात उभी राहिले. लेक चप्पल घालेपर्यंत तिथनं हलणार नव्हते. आज नाही उठली तर उद्या येणार होते. त्यांनी दार लावलं, तर दारात बसणार होते.