एक मणी वाढीव

दुपारची वेळ होती. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि फोन थरथरला. गावाकडचा नंबर भलत्या वेळी दिसला की मी आधी पदराला हात पुसत राहते, मग फोन बघते. बारामतीच्या मैत्रिणीनं एक चित्र पाठवलं होतं. कडेनं झेंडूची फुलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि मधे शालनमावशी. फोटो कुणाच्या तरी लग्नातला असावा, कारण ती हसत होती आणि डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते, शेजारी कुणाच्या तरी गळ्याकडे होते. पण छापणाऱ्यानं फोटो हनुवटीखाली कापला होता. जिनं आयुष्यभर बायकांचे गळे बघितले, तिचाच गळा चित्रात नव्हता. तो दिसेल म्हणून मी दोन बोटांनी फोटो मोठा करत राहिले. फोटो मोठा होत गेला आणि मावशी त्यात विरघळत गेली... किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही. त्या दिवशी डाळीचा पार लगदा झाला.

शालनमावशी नात्यानं माझी कुणी नव्हती. बारामतीत एका सराफाच्या दुकानाबाहेर जिन्याखाली जेवढी जागा उरते, तेवढ्यात बसून ती दागिने गाठवायची. म्हणजे सोन्याचे मणी, पोवळी, वाट्या, जे काही असेल ते रेशमाच्या दोऱ्यात ओवायचं आणि गाठी मारून पक्कं करायचं. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं आणि दुसरं दातात, दोन्ही हात मोकळे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ही बाई स्वतःलाच ओवायला बसलीय.

माझी शाळा नववीत सुटली होती. आईचा हात मोडला होता, घरात करणारं कुणी नव्हतं, म्हणून चार दिवस घरी राहिले आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. आमच्या गावी, वरकुट्यात, मी दोन वर्षं नुसती भिंतीला टेकून बसलेली असायची. कुणी हाक मारली तरी दचकायची. शेवटी बारामतीजवळच्या कन्हेरीच्या आत्यानं मला तिच्याकडं नेलं आणि एक दिवस मावशीपुढं उभं केलं. मावशीनं माझं नाव विचारलं नाही. म्हणाली, हात दाखव. माझी बोटं थरथरत होती. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली. 'थरथरत्यात, पण बारीक हायत,' म्हणाली, 'थरथर जाती. जाड बोट काय बारीक हुत न्हाय.'

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. एक सासू-सून आल्या. सून नवी, हळद उतरून महिना झाला नसेल. तिनं रुमालाची गाठ सोडली, आत मंगळसूत्र दोन तुकड्यांत पडलेलं. मी आपली कामाला लागलेली उत्साही पोर. मोठ्यानं विचारलं, काय, तुटलं का? सुनेचे डोळे भरले. सासूचा हात तोंडावर गेला. रस्त्यावरची माणसंही माझ्याकडं बघतायत असं मला वाटलं. मावशीनं दातातला दोरा सोडला नाही, तशीच म्हणाली, 'तुटलं न्हाय गं बाई. वाढलंय ती.' मग तिनं ते गाठवलं आणि शेवटी आपल्या डबीतला एक तांबडा मणी काढून, मधोमध नाही, जरा बाजूला, ओवून टाकला. सुनेच्या हातात देत म्हणाली, 'मोजून घी. आणलं व्हतंस त्यापरीस एक जास्त हाय. मग वाढलं का न्हाय?' सून हसली. सासूसुद्धा हसली.

त्या गेल्यावर मला वाटलं, आता मला घरी पाठवतील. मावशीनं चहाचा निम्मा कप माझ्याकडं सरकवला. आपल्याकडं बांगडी फुटली, मंगळसूत्र तुटलं, असं कुणी म्हणत नाही, वाढवलं म्हणतात, हे मलाही माहीत होतंच की. भीतीपोटी विसरले होते. मावशी म्हणाली, 'वाढवलं म्हनायचं. आन् म्हनलं की वाढवायचं. नुसतं तोंडानं म्हनून कुनाचं काय वाढतंय?' दुरुस्तीला आलेला दागिना तिनं कधी होता तसा परत दिला नाही. एक मणी तिचा. काचेचा, तांबडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. बारामती-इंदापुरात कुठंही लग्नात गेलं की मला असे मणी दिसायचे. कुणाच्या कानामागून, कुणाच्या पदराआडून. वाटायचं, मावशी या सगळ्या मांडवात थोडी थोडी हजर आहे.

लोक तिला दागिन्यांची फॅशन बदलून देणारी मावशी म्हणायचे. ती स्वतः तो शब्द वापरायची नाही. तिचे वडील वालचंदनगरला फिटर होते, लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. समोर एका साहेबांची बायको राहायची. कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात एकच बारीक सर, हातात घड्याळ, बस्स. 'ती बाई दारावरनं गेली की वारा गेल्यासारखं वाटायचं,' मावशी सांगायची आणि सांगताना हात थांबवायची. मला वाटतं, पुढं जन्मभर तिनं आपल्याकडच्या बायकांच्या अंगावर तेवढा वारा आणायचा प्रयत्न केला. ठुशी, बोरमाळ, लांब गंठण असं सगळं एकावर एक घालून बाई आली की मावशी तिला बसवायची, सगळं काढून फडक्यावर ठेवायला लावायची आणि विचारायची, रोज उठून करतीस काय? बाई गोंधळायची. दागिना करताना हे कुणी विचारत नाही. दवाखान्यात नर्स असलेल्या बाईचं लांब मंगळसूत्र तिनं गळ्यालगत आणलं, वाकल्यावर पेशंटच्या तोंडावर येऊ नये म्हणून. गोठ्यात धारा काढणाऱ्या बाईचं लोंबतं सगळं काढून दोन मण्यांची सर करून दिली. आजीची बोरमाळ नातीला नको होती, जुनाट दिसते म्हणायची. मावशीनं तिचे दोन भाग केले. निम्मी आजीच्या गळ्यात, निम्मी नातीच्या मनगटात, मण्यामण्यांत दोरा दिसेल अशी मोकळी गाठवून. नात ती जीन्सवर घालून कॉलेजला जायला लागली आणि आजी गल्लीत सांगत सुटली, माजी बोरमाळ कॉलेजला जाती.

'एका टायमाला एकानंच बोलावं,' असं ती पोरींना सांगायची. 'गळा बोलाय लागला का कानांनी गप बसायचं.' पोरी मोबाईलवर फोटो घेऊन यायच्या. मावशी चष्मा कपाळावर सरकवून बघायची. 'बेस हाय,' म्हणायची, 'पर हिला जनावरांना उसाचं वाढं आनाय जायाचं नसंल. तुला जायाचं हाय.' मग हसत हसत त्याच फोटोतलं काहीतरी, एखादा एकेरी मणी, एखादी तिरकी गाठ, त्या पोरीच्या दागिन्यात आणून ठेवायची.

दुपारी चारला ऊन जिन्याखाली यायचं. फडक्यावर सांडलेल्या मण्यांतून जाऊन समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पिवळे, तांबडे ठिपके पडायचे. तेवढा वेळ आम्ही दोघी काम थांबवायचो. काही बोलायचो नाही. ते ठिपके हळूहळू वर चढायचे आणि जिन्याच्या पायरीत नाहीसे व्हायचे... तिच्याकडं काढलेल्या त्या पाच वर्षांतलं आज आठवायला बसलं की माणसं, गिऱ्हाईकं सगळी पुसट होतात आणि ती भिंतच दिसते.

लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीपाठी मी कोइमतूरला आले. इथली अक्षरं मला नुसत्या वेलबुट्ट्या वाटायच्या. बसचा नंबर चुकला तर मी घरी कशी येईन, या भीतीनं सहा महिने मी बसमध्येच चढले नाही. मावशीला फोन केला की ती सगळं ऐकून घ्यायची आणि मग एकच विचारायची. 'तितल्या बायांना गळं हायत का?' हायत म्हटलं की म्हणायची, 'मग झालं तर.' एके दिवशी घरमालकिणीची मोत्यांची सर तुटली. इथं तुटली म्हटलं तर चालतं, तरी माझ्या तोंडून काही तो शब्द आला नाही. मी अंगठ्याला दोरा बांधून बसले. ती बघत राहिली, मग हसली. एक तांबडा मणी जास्तीचा का, हे मी तिला बोटांनी मोजून दाखवलं. तिला काय कळलं देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी तिनं जावेला आणलं. आज माझ्याकडं येणाऱ्या बायका मला काय म्हणतात ते मला नीट कळत नाही, माझं त्यांना कळत नाही, तरी गळे कळतात. हे सगळं मावशीचं देणं आहे. आई-वडिलांनी मला जन्म दिला. माझ्या हातांची थरथर मात्र मावशीनं घालवली.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. दहाव्याला बायकांनी आईला मधे बसवलं आणि तिचं डोरलं, वाट्यांचं मंगळसूत्र, काढून घेतलं. कुणीतरी म्हणालं, वाढवा आता. नंतर चुलीपुढं बसल्यावर आई मला म्हणाली, 'वाढवा म्हनत्यात आन् काढून घेत्यात, ही कुटलं वाढवणं गं, रंजे?' मी चुलीत लाकूड सारलं. ते डोरलं चिंधीत बांधून पिठाच्या डब्यात गेलं. पुढं व्हिडिओ कॉलवर बोलताना मला दिसायचं. बोलता बोलता आईचा हात गळ्याशी जायचा, चाळीस वर्षांच्या सवयीनं. तिथं काही सापडायचं नाही, की पदर सारखा केल्यासारखं करून खाली यायचा. आई घराबाहेर पडेनाशी झाली. धाकट्या भावाचं लग्न ठरलं, तर म्हणाली, मी आपली मागं बसंन. पुढं चुलती ऱ्हाईल. नवरदेवाची आई, आणि मागं बसणार.

गेल्या दिवाळीला मी गावी गेले, पिठाचा डबा उघडला आणि आईला जवळजवळ ओढतच बारामतीला नेलं. मावशी थकली होती. सुईत दोरा ओवायला आता शेजारच्या दुकानातल्या बाईला हाक मारायची. तिनं चिंधी सोडली. काळे मणी एका बाजूला केले, सोन्याचे एका बाजूला. मग दोन्ही वाट्या आईपुढं ठेवून विचारलं, 'म्हायेरची कंची?'

दोन वाट्यांपैकी एक सासरची, एक माहेरची, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण गाठवल्यावर त्या जोडीनंच राहतात, पुन्हा कोण वेगळ्या करतंय? आईनं क्षणभरही विचार केला नाही. एका वाटीवर बोट ठेवलं. तिच्या कडेला बारीक खोच होती. म्हणाली, 'ही. हिला दात येताना ह्या रंजीनं चावलंय.'

मावशी म्हणाली, 'सासरची ठिवून दी. ती त्यांच्यासंगं आली, ऱ्हाऊ दी त्यांच्या नावानं. म्हायेरचं कुनी गेलं म्हनून जात न्हाय.' आणि ती गाठवायला बसली. वांगी रंगाचा रेशमी दोरा घेतला, सोन्याचे मणी मोजकेच, लांब लांब, मधे दोरा मोकळा, आणि खाली ती एकटी वाटी. कुठल्याही शहरातल्या पोरीनं घालावी अशी साधी, हलकी माळ झाली. चारचं ऊन आलं होतं. आई भिंतीवरच्या ठिपक्यांकडं बघत होती.

पण मावशीनं शेवटचा मणी घातला नाही. मी विचारलं तर म्हणाली, ही वाढलेलं न्हाय, काढून घेतल्यालं हाय. डबीतला एक तांबडा मणी तिनं माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. 'हिनं आपल्या मनानं गळ्यात घातली का मग घाल. तवा वाढलं म्हनायचं.'

आईनं माळ घरी आणली. आणि पुन्हा पिठाच्या डब्यात ठेवली. मी मणी घेऊन कोइमतूरला परत आले, पराभव झाल्यासारखी. मावशी फोनवर दर वेळी विचारायची, घातली का? मी म्हणायची, न्हाय. ती म्हणायची, 'घालंल. गळ्याला आटवण असती.' शेवटच्या फोनलाही हेच बोलणं झालं होतं... आणि मग ते झेंडूच्या फुलांचं चित्र आलं.

मी जाऊ शकले नाही. दोन दिवसांचा प्रवास, मुलाची परीक्षा, कारणं खरी होती, तरी लाज वाटते. दहाव्याला माझ्या वतीनं कुणीतरी जावं म्हणून मी भावाला फोन केला. तो म्हणाला, आई गेलीय. एस.टी.नं, चुलतीला घेऊन. दोन वर्षं आपणहून उंबरा न ओलांडलेली माझी आई.

पुढचं मला चुलतीनंच सांगितलं, जरा फणकाऱ्यानं. गाडीत बसल्यावर आईनं कमरेची पिशवी उघडली, माळ काढली आणि गळ्यात घातली. चुलती म्हणाली, अवो जाऊबाई, ही काय गळ्यात, लोक काय म्हनतील? आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'माज्या आयचं हाय. लोकांच्या आयचं न्हाय.' चुलती पुढं बारामती येईस्तोवर त्या माळेकडंच बघत होती म्हणे. मग म्हणाली, बेस दिसतंय पर.

आता फोनवर आईचा हात गळ्याशी जातो आणि तिथंच राहतो. खोच असलेल्या कडेवरून बोट फिरत असतं. लग्न पुढच्या महिन्यात आहे. आई पुढं बसणार आहे. परवा बोलणं संपवता संपवता तिनं विचारलं, मणी जपून ठिवलास न्हवं? ठेवलाय म्हटलं. 'इसरू नगंस येताना,' म्हणाली, 'माजा एक यायचा ऱ्हायलाय.'

मणी माझ्या सुयांच्या डबीत आहे. चारला इथल्या खिडकीतही ऊन येतं. मी डबी उघडून त्यात ठेवते. भिंतीवर एक तांबडा ठिपका पडतो आणि सावकाश वर चढायला लागतो. तेवढा वेळ मी काम थांबवते. अंगठ्याला दोरा बांधलेला असतो, दुसरं टोक दातात, त्यामुळं बोलता येत नाही... नाहीतरी तेवढा वेळ आम्ही बोलत नसूच.