नानांच्या बंदुकीवरचा वाघ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबायला नको. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. फजिती माझीच आहे, सांगायचा पहिला मान माझाच!

तर मी मूळची सोनगीरची. तांब्यापितळेच्या ठोक्यांत जन्मले, म्हणा ना. वडील भांड्यांवर नक्षी कोरायचे, त्यांच्याकडून छिन्नी माझ्या हातात आली. लग्न होऊन धुळ्याला आले तरी ती सुटली नाही. बाजारात आमचं छोटं दुकान आहे. लग्नाची भांडी, देवळाच्या घंटा, समया, काहीही आणा. नाव टाकून देतो, नक्षी काढून देतो.

'देतो' म्हणाले खरं, पण त्या दुकानात दोन पक्ष आहेत. मागच्या बाजूला मी, छिन्नी आणि हातोडी घेऊन. पुढच्या गल्ल्यावर आमचे हे, विजेचं मशीन घेऊन. घर्रर्र केलं की 'चि. सौ. कां.'पासून गावाच्या नावापर्यंत सगळं तयार. गिऱ्हाईक चहा संपवायच्या आत भांडं पिशवीत!

"अहो, ते कोरणं नाही, ओरखडणं आहे," मी म्हणते. "छिन्नीची रेघ कशी, सुरुवातीला बारीक, मधे भरदार, शेवटी पुन्हा बारीक. उजेडात धरली की चमकते. तुमची रेघ म्हणजे गांडूळ! इथून तिथून सारखंच."

त्यावर हे अहिराणीत शांतपणे म्हणतात, "मशीन बी हातमाच धरनं पडस ना व? का पायमा धरस मी?"

मी हातोडी जरा जोरात मारते.

अशातच एक दिवस धुळ्यातले बंदुकांच्या दुकानाचे शेठ आले. रुमालात गुंडाळून पोलादाच्या दोन पट्ट्या आणल्या होत्या. दुनळी बंदुकीच्या घोड्याजवळ, दोन्ही अंगांना बसतात ना, त्या.

"यावलकडचे एक नाना आहेत," शेठ म्हणाले. "केळीच्या बागा आहेत. रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक आहे. त्यांना यावर काहीतरी कोरून हवंय. हाताचं की मशीनचं, तुम्ही ठरवा."

"हाताचं!" मी एवढ्या जोरात म्हणाले, की शेठच्या हातातला रुमाल पडला.

अहो, बंदूक! विलायतेतल्या बंदुकांवर कारागीर हरणं, पक्षी, वेलबुट्टी काय काढतात, ते मी फोटोत पाहिलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घागरींवर नावं टाकली, आता कुठे हाताजोगं काम आलं होतं. हे मशीनला देऊ?

शेठनी नानांना फोन लावून माझ्या हातात दिला आणि ते समोर चहा सांगायला गेले. इकडे ह्यांचं मशीन एका परातीवर सुरू. मी हातानं खुणावते, थांबवा, थांबवा! हे मान डोलावतात आणि चालू ठेवतात.

"नाना, काय कोरायचं बंदुकीवर?"

मशीनच्या घर्रर्र… घर्रर्रमधून नानांचं एवढंच ऐकू आलं, "…वाघ टाका."

"वाघ?"

"हो, वाघच! दुसरं काय टाकनार?"

"उभा की आडवा?"

"आडवाच. उभा कोन टाकते, बाई?"

"एका बाजूला की दोन्ही?"

"दोन्ही बाजूले. कोन्याही अंगानं पाह्यलं तरी समजलं पाह्यजे, बंदूक वाघाची आहे!"

काय तो रुबाब! मला तर फोनवरच त्यांच्या मिशा दिसल्या.

"आणि पट्टे?"

नाना म्हणाले, "पट्टा? मारा ना. खालून एक मारा. चांगला दिसते."

"एकच?"

"दोन मारा मंग. तुमची हौस! पन बाई, मराठीत पाह्यजे बरं का. इंग्रजी नको."

आता सांगा, यावर कुणाला शंका आली असती? मला वाटलं, नानांना ते परदेशी चित्रातले लोण्यासारखे वाघ नको असतील. आपल्या मातीतला, रांगडा हवा असेल.

"बिनघोर राहा नाना," मी म्हणाले. "अस्सल सातपुड्याचाच निघेल."

"हो हो, सातपुड्याचेच आम्ही!" नाना खूश. मी खूश. फोन बंद.

फोन बंद झाल्याबरोबर मशीनही बंद. हे कायमचंच!

"काय टाकानं सांगं त्यासनी?"

"वाघ."

"मंग नाव व्हई त्यासनं. आडनाव ऱ्हास ना वाघ. इचारी ले ना परत."

इथे मी परत फोन केला असता, तर हा किस्सा इथेच संपला असता आणि तुम्ही चहा पिऊन घरी गेला असता. पण मी कमरेवर हात ठेवले.

"तुम्हाला मेलं सगळीकडे नावच दिसणार! मशीनला नावाशिवाय येतंय काय? माणूस माझ्याशी पट्ट्यांबद्दल बोलला, पट्ट्यांबद्दल! नावाला पट्टे असतात का?"

हे पुन्हा परातीवर वाकले. त्यांचं माघार घेणंसुद्धा मशीनसारखंच आहे, सरळ आणि एकसारखं.

मग मी जे कामाला लागले, विचारू नका! पट्टी हलू नये म्हणून राळेत बसवली आणि छिन्नी टेकवली. पितळ कसं, प्रेमानं सांगितलं की ऐकतं. पोलाद म्हणजे सासरचं माणूस! टोक तुटायचं, पुन्हा दगडावर घासायचं, पुन्हा तुटायचं. हे रोज पुढून विचारायचे, "मशीन देऊ का?" आणि मी रोज म्हणायचे, "नको!"

वाघ मी काही समोरासमोर पाहिलेला नव्हता. चित्रं पाहिली, पण आडवा वाघ नेमका पसरतो कसा? दुपारी जेवून हे आडवे झाले, की मी त्यांच्याकडे बघत बघत काढायचे. पोटाची रेघ अगदी हुबेहूब आली. दोन्ही पट्ट्यांवर शेपटीच्या जागी नेमकं स्क्रूचं भोक आलं, म्हणून शेपटी आखूड घेतली. आणि पट्टे मात्र दोनच नाही काढले. गिऱ्हाइकाला काय कळतं? भरपूर काढले.

शेठ पट्ट्या न्यायला आले, तेव्हा एकदम हसले. "वाघाच्या बंदुकीवर वाघ! झकास!"

मी पदर सावरून म्हणाले, "हाताचं काम आहे, शेठ."

त्यानंतर दसरा आला. तुम्हाला ठाऊकच आहे, दसऱ्याला शस्त्रं पूजेला मांडतात. नानांनी शेठकडून बंदूक परत घेतली होती ती कव्हरसकट, आणि कव्हर काढलं ते थेट पूजेच्या पाटासमोर. भाऊबंद, शेजारी, सोनं वाटायला आलेली माणसं, सगळे गोळा झालेले. बंदुकीवर दोन्ही बाजूंना एकेक जनावर!

कुणीतरी म्हणालं, "नाना, हे काय?" तेवढ्यात दुसरा म्हणाला, "जेवढे मारले तेवढे कोरले असतीन." तो बोलला गमतीनं. पण सातपुड्याच्या पायथ्याशी अशी गंमत पायी चालत नाही, मोटारसायकलवर फिरते. संध्याकाळपर्यंत चार गावांत बातमी, नानानं दोन वाघ मारले!

दुसऱ्या दिवशी जंगल खात्याचे गार्डसाहेब नानांच्या दारात. आणि नानांचा फोन माझ्या दुकानात.

"बाई! माह्या बंदुकीवर हे काय जनावर काढलं तुम्ही?"

"वाघ!" मी अभिमानानं म्हणाले.

"वाघ मी आहे!"

"म्हणजे?"

"अवं बाई, मी वाघ! माहा बाप वाघ! आख्खी गल्ली वाघ! आडनाव आहे आमचं! इलेक्शनले बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा लागतात. मांगच्या खेपेले मले दुसऱ्याचीच बंदूक देऊन राह्यले होते. म्हून म्हनलं, नाव टाका! मराठीत!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून मशीन पुसत होते. अहो, माणसानं एवढंही चांगलं असू नये. निदान टोमणा तरी मारायचा!

"तुम्ही आता इथं या," नाना म्हणाले, "आन् साहेबांले सांगा, तुम्हीच काढलं म्हून."

"येते की! घाबरते का काय?"

आम्ही धुळ्याहून जळगाव, जळगावहून यावल, असे एसटीनं निघालो. ह्यांच्या मांडीवर एक पिशवी. जेवणाचा डबा असेल, म्हटलं. माझ्याजवळ छिन्नी नव्हती, हातोडी नव्हती. मी काम करायला नव्हते निघाले, भांडायला निघाले होते.

नानांच्या अंगणात गर्दी जमलेली. खाटेवर रिकामी केलेली बंदूक ठेवलेली. नाना म्हणजे मला फोनवर दिसलेल्या मिशांचे नव्हेतच. बारीक, घाबरलेला माणूस, घामानं सदरा अंगाला चिकटलेला. त्यांच्या आई, सगळे त्यांना अक्का म्हणत होते, उंबऱ्यात बसलेल्या. त्या हळूच मला म्हणाल्या, "बंदूक नेली तं डुकरं बाग ठेवनार नाहीत, माय." तेव्हा कुठे मला कळलं, माझ्या नक्षीनं काय करून ठेवलंय ते.

पण चेहऱ्यावर दाखवीन तर मी कसली!

"साहेब, हे मी कोरलंय," मी गार्डसाहेबांना म्हणाले. "बंदुकीवर वाघ काढला म्हणजे वाघ मारला? मी ताटांवर मोर कोरते. म्हणजे लोक मोर शिजवून खातात का?"

गर्दीत खसखस पिकली. साहेब वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा लावला, बंदूक उन्हाकडे केली, एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली. आणि मग हळूच म्हणाले, "बाई, पण हा वाघ आहे कुठे? हे तर डुक्कर आहे."

सगळं अंगण बंदुकीवर वाकलं.

नानांच्या अंगात जीव आला. "डुक्करच आहे, साहेब! परवानाच डुकराचा आहे ना! डुक्करच!"

"डुक्करच, डुक्करच!" सगळी गर्दी म्हणाली.

झालं! सुटलो होतो सगळे! मी फक्त मान हलवायची होती. पण इतके दिवस पोलादाशी झुंजून, छिन्न्या मोडून काढलेला माझा वाघ, आणि त्याला डुक्कर?

"वाघ आहे!" मी ओरडले.

नानांनी हात जोडले. "बाई, डुक्कर म्हना. तुमच्या पाया पडतो."

"का म्हणू? ह्या मिशा बघा, साहेब!"

"ते सुळे आहेत."

"हे पट्टे?"

"रानडुकराच्या पिलांना असतात पट्टे."

"आणि शेपटी?"

"शेपटीच तर सांगते ना, किती आखूड आहे ती!"

मेलं ते स्क्रूचं भोक! ह्यांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "डुक्कर म्हनी टाक व. घर जाऊत."

"जीव गेला तरी म्हणणार नाही!"

आणि नाही म्हटलंच मी. शेवटी साहेबच हसायला लागले. "कोरणारी म्हणते वाघ, गाव म्हणतं डुक्कर. ज्या जनावराचं अजून ठरलंच नाही, ते मारलं असं मी कसं म्हणू? नाना, बंदूक ठेवा घरात. फक्त त्याच्याखाली तुमचं नाव टाकून घ्या, म्हणजे पुन्हा लोकांच्या तोंडाला काम नको."

नाव! मी पटकन हात पुढे केला. पण छिन्नी कुठाय? धुळ्यात!

ह्यांनी पिशवी उघडली. आत मशीन! अंगणात वायर ओढली, घर्रर्र केलं आणि दोन्ही बाजूंना, जनावराच्या पोटाखाली, ठसठशीत 'वाघ' टाकलं. शिवाय अक्षरांच्या खालून एक सरळ पट्टाही मारला. नानांना अगदी हवा होता तसा.

अक्का उंबऱ्यातून उठून आल्या. डोळे बारीक करून त्यांनी चित्र पाहिलं, अक्षरं नातीकडून वाचून घेतली आणि समाधानानं म्हणाल्या, "आता बरं झालं. लिव्हलं म्हून समजलं, वाघ आहे ते."

हसा, हसा! सगळं अंगण हसलं, तुम्ही का मागे राहता?

पण म्हणून मी मशीनला हात लावला? मुळीच नाही! आजही छिन्नीनंच कोरते आणि उद्याही कोरणार. आणि ऐका, त्या भागातले बंदूकवाले आता मुद्दाम माझ्याकडे येतात. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे! "बाई, हातानंच काढा," म्हणतात. "नानांच्या बंदुकीवर आहे ना, तस्संच डुक्कर पाह्यजे."

मी नाही म्हणत नाही. काम सोपं आहे. मन लावून वाघ काढायला घेते, डुक्कर आपोआप होतं.