मोठीआईची बदली

मोठीआई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीला हमरस्त्यावरच्या टपरीवर तर्रीपोहे खात उभा होतो. "दादा, आई गेली. ये," तिची मुलगी सुजाता एवढंच बोलली. मी "निघतो" म्हणालो आणि... आधी प्लेट संपवली. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, माझ्या हातातला चमचा आपोआप वरखाली होत होता. रिकामी प्लेट दिसली तेव्हा कुठं रडू फुटलं. एवढ्यावरून माझी पारख झाली असेल. पुढे याहून वाईट आहे.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. कारध्याच्या शाळेत शिक्षिका, आणि घरात पाच पोरांची आई. त्यातली तिची स्वतःची एकटी सुजाता. बाकी आम्ही दिरांची, नणंदांची. माझी आई लवकर गेली, म्हणून मी तर कायमचाच. घरी 'मोठीआई', शाळेत 'बाई', हा नियम. मी एकदा भर वर्गात "मोठीआई, भूक लागली" म्हणालो. तिनं सतराचा पाढा म्हणायला लावला. सतरा साते मी एकशे पस्तीसवर नेऊन ठेवले. "भूक खरी दिसते," ती म्हणाली आणि सुटीत डबा माझ्यापुढे सरकवला.

पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. बुद्धवंदना झाली, भाषणं सुरू झाली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलं की भंडारा जिल्हा तुटून दोन झाले तेव्हा बाईंनी पलीकडच्या जिल्ह्यातली जंगलातली शाळा स्वतःहून मागून घेतली. "त्याग!" ते ओरडले, माइकही किंचाळला. पुढच्या वक्त्यानं त्यागाला समर्पण जोडलं. माझं डोकं तडकलं. जिला घरातून उचलून फेकलं गेलं, ती हसत हसत गेली असं ठरवून हे लोक मोकळे! मग सुजाता उठली. "आई थोर होती. पण तिनं शाळा निवडली, मला नाही. मी आठ वर्षांची होते." आणि खाली बसली.

त्याग कसला... माझा गाढवपणा होता तो.

जिल्हा तुटला तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या कचेरीत नुकताच चिकटलो होतो. कोणत्या जिल्ह्यात राहायचं, ते शिक्षकांकडून लिहून मागवलं होतं. मोठीआईनं 'भंडारा' लिहून, सही करून अर्ज माझ्या हाती दिला. तो मुदतीत साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, बस; नाहीतर पाठवतील तिथं जायचं. शेवटच्या दिवशी मी लाखांदूरला मुलगी पाहायला गेलो. अंगात नवा सफारी, सफारीच्या खिशात अर्ज. चारपर्यंत परत येऊ, असा हिशेब. तिथं मुलीच्या बापासमोर छाप पाडायला मी नव्या जिल्ह्याची हद्द सारवलेल्या जमिनीवर बोटानं काढून दाखवत बसलो, आणि एसटी निघून गेली. मुलीनं मला नाकारलं, ते बरोबरच केलं. अर्ज मी साफ विसरलो. आठवड्यानं धोब्यानं तो खिशातून काढून दिला, तोवर यादी लागली होती. मोठीआईच्या नावापुढे पार पलीकडच्या टोकाचं गाव होतं.

मी जाऊन तिचे पाय धरले. ती तांदूळ निवडत होती.

"सांगतलंस कोणाले?"

"नाही."

"मंग सांगू नोको. तुही नोकरी कच्ची हाय. काढून टाकतीन तुले."

"पण सुजी..."

"सुजीले मी पाहून घेईन."

हे पाहून घेणं म्हणजे शनिवारची सकाळची शाळा आटोपून दोन एसट्या बदलत घरी यायचं आणि सोमवारी पहाटे निघायचं. सहा वर्षं. ती आली की सुजी दारामागे लपायची, तासभर बोलायची नाही. मी बघत होतो. नोकरी पक्की झाली, लग्न झालं, बढती मिळाली; गप्प राहायला मला दरवेळी नवं कारण सापडलं.

आणि मला मोठीआईचाही राग येतो. तिनं मला वाचवलं ते कोणाला विचारून? परक्या पोरांना अर्धा मार्क फुकट न देणाऱ्या बाईनं मला आख्खा पास केला, आणि नापास कोण झालं? तिची स्वतःची लेक. बाईनं असं करायला नको होतं.

मांडव उतरल्यावर सुजाताला मागच्या अंगणात गाठलं. ती भांडी घासत होती. सगळं सांगितलं, सफारीसकट. तिचा हात थांबला नाही.

"काहून सांगून राहिला आता? ते जित्ती होती तवा काय झालतं तुले?"

"भेव वाटे."

"कोणाचं?"

मी तिनं घासलेली भांडी विसळायला घेतली.

"तिले मी कधी 'जेवली का' म्हणून नाही विचारलं, दादा. रागात. तुह्या सफारीपायी." हातातलं पातेलं आपटून ती उठली. "मले एकटीले सांगून काय होते? मी तिले भर मांडवात बोलली. तू बी सगळ्यायसमोर सांग. लिही पेपरात, नाव टाकून."

म्हणून हे लिहिलं.

परवा कारध्याला गेलो होतो. मोठीआईच्या खोलीत खिळ्याला एक कापडी पिशवी दिसली. सोमवारी न्यायची ती. पुढे मोठीआई बदलीनं परत आली, निवृत्त झाली, तरी तिनं ती रिकामी केली नव्हती. आत एक लुगडं, कंगवा, साबणाची डबी. मी ती उतरवायला हात वर केला.

"हात नोको लावू," मागून सुजाता म्हणाली. "पयले छापून येऊ दे."