डावी कड

जपानमधल्या ओकाया गावच्या होसाका योशिहारूंची नजर बारीक होती, आणि ही गोष्ट ते कुणालाही विसरू देत नसत. तळ्याकाठच्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं कॅमेऱ्याच्या लेन्स घासल्या. काचेतला जो दोष शोधायला इतरांना यंत्र लागे, तो त्यांना खिडकीशी नेऊन नुसत्या डोळ्यांनी दिसे. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी साहेबांनी शेवटच्या खेपेतली एक लेन्स त्यांच्या हातात ठेवली. तिची पुढची काच त्यांनी स्वतः घासलेली होती. घरी आणून ती त्यांनी बायकोच्या जुन्या किमोनोच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली. बायकोचा, म्हणजे कियोएचा, वाढदिवस ते बिनदिक्कत विसरत. पण काचेला बुरशी धरू नये म्हणून दर महिन्याला लेन्सला ऊन दाखवायला कधी विसरले नाहीत.

अडचण एकच होती. त्या लेन्सला शोभेल असा कॅमेरा आता कुणी बनवत नव्हतं. होसाकांकडे एक जाडजूड डिजिटल कॅमेरा होता, पण त्याच्या पोटात आरसा होता आणि त्या आरशापायी लेन्सला हवं तेवढं आत जाता येत नसे. मध्ये पितळी रिंग घालून ती कशीबशी बसवली, तरी हातभर अंतरावरचं तेवढं स्पष्ट येई. त्यापलीकडचं सगळं धुक्यात.

म्हणून कुठलीशी कंपनी आरसाच काढून टाकलेला, तळहातावर मावेल असा कॅमेरा आणते आहे आणि त्याची लेन्स बदलता येणार आहे, अशी बातमी फुटली, तेव्हा होसाकांच्या अंगात वारं शिरलं. आरसा नाही म्हणजे लेन्स आत सरकणार. लेन्स आत सरकली म्हणजे तळं, डोंगर, माणसं, सगळंच तिला पुन्हा दिसणार.

स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात दर रविवारी सकाळी पाचसहा छांदिष्ट म्हातारे जमत. खरं सांगायचं तर या मंडळींना हातातल्या कॅमेऱ्यापेक्षा न आलेला कॅमेराच जास्त आवडतो. त्याला ना वजन असतं ना दोष. होसाकांचा जिवलग मोमोसे हा निवृत्त पोस्टमन; तो आठवडाभराच्या अफवा छापून आणी आणि वाटे.

"डोळा लावायला खिडकी असणार," मोमोसे ठासून सांगे.

"कुणी सांगितलं?"

"आतल्या माणसाने एकाला सांगितलं. त्याने इंटरनेटवर लिहिलं."

"जन्मभर टपाल वाटलंस तू, आणि पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं पत्र खरं मानतोस होय रे?"

"तू नको मानूस. पण मग वाचतोस कशाला दोनदोनदा?"

वसंतात येणार होता तो शरदावर गेला, शरदातला पुढच्या वसंतावर. मोमोसेला धीर धरवेना. फुटलेल्या बातमीतली लांबीरुंदी घेऊन त्याने किरीच्या हलक्या लाकडाचा हुबेहूब कॅमेरा कोरला, काळा रंग दिला आणि होसाकांना भेट केला. होसाका तो घरभर हातात घेऊन हिंडत.

कियोएने तो घेऊन पाहिला. "किती हलका आहे हो!"

"लाकडाचा आहे तो."

"मग हाच बरा की. काढा माझा फोटो." तिने मान जरा वर करून पदराची पिन सारखी करावी तशी कॉलर सारखी केली.

"तुझा फोटो खऱ्या कॅमेऱ्यावर. माझी लेन्स त्यावर चढली की पहिला फोटो तुझा. पापणीचा केस न् केस दिसेल बघ."

"तोवर पापण्यांना केस राहिले म्हणजे मिळवलं," असं म्हणून ती हसत आत गेली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात होसाकांनी डोंगर काढले होते, गोठलेलं तळं काढलं होतं, थंडीत येणारे हंस तर शेकड्यांनी. बायको घरचीच होती, ती कधीही काढता आली असती.

तोवर लेन्सच्या चाचण्या चालू होत्या. महिन्यातून एकदा उजेड बघून होसाका व्हरांड्यात कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडत, आणि कियोए समोर स्टुलावर बसून त्या दिवशीचं वर्तमानपत्र दोन्ही हातांनी ताणून धरी. छोट्या जाहिरातींचं पान, कारण त्यावर अक्षरं सगळ्यांत बारीक. फोटो काढला की होसाका तो संगणकावर मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं तपासत. वर्तमानपत्राच्या दोन्ही कडांना धरलेली कियोएची बोटं नखांसकट स्वच्छ येत. वरती तिचा चेहरा असे, पण तो हातभर अंतराच्या पलीकडे, धुक्यात. अक्षरं तपासून झाली की होसाका फोटो पुसून टाकत.

"भिंतीला का नाही चिकटवत पेपर?" तिने एकदा विचारलं.

"भिंतीवर उजेड कुठे आहे? आणि तू रिकामीच तर असतेस."

जूनमध्ये पहिल्यांदा डावी कड बिघडली. मधली अक्षरं चोख, उजवीकडची चोख, आणि डावीकडची मात्र फिसकटलेली.

"अगं, नीट धर."

"नीटच धरलंय हो." कियोएने बोटं आवळली. "माझाच हात असेल. उजवा हात हल्ली जरा..."

"हाताचा काय संबंध? लेन्समधली काच सरकली आहे. अडतीस वर्षं हेच केलंय मी. एका कडेचा धूसरपणा मला शिकवू नकोस."

जुलैच्या चाचणीत तिने दात आवळून पेपर धरला, तरी डावी कड आणखी बिघडली. होसाकांनी दोन्ही फोटो पुरावा म्हणून छापले आणि लेन्स टोकियोच्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. ती परत आली, सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. होसाका भडकले. "आजकालच्या यांना दिसतं काय!" सप्टेंबरचा फोटो जोडून त्यांनी ती पुन्हा पाठवली. पुन्हा तीच चिठ्ठी आली. रविवारी कॉफीच्या दुकानात त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि सगळे हसले.

नोव्हेंबरात नोझावानाची भाजी लोणच्यात घालायची वेळ आली. पिंपावर दाब म्हणून ठेवायचा दगड उचलताना तो कियोएच्या उजव्या हातातून सुटला आणि अंगणात पडला. ती हाताकडे बघत उभी राहिली. हात सुधारेना, तेव्हा तीन आठवड्यांनी होसाका तिला इस्पितळात घेऊन गेले.

डोक्यात गाठ होती. "हात कधीपासून असा आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"लोणच्याच्या दिवसापासून. तीन आठवडे," होसाका म्हणाले. "माझी नजर बारीक आहे, डॉक्टर. आधीपासून असतं तर मला दिसलं असतं."

कियोए नवऱ्याकडे बघत राहिली.

डॉक्टर म्हणाले, "तीन आठवड्यांत एवढी वाढली म्हणजे फारच वेगाची आहे. हेच उन्हाळ्यात सुरू झालेलं असतं आणि तेव्हा आला असतात, तर काढता आली असती. आता नाही."

डिसेंबरात कंपनीने तारीख जाहीर केली: एप्रिल. होसाका छापील कागद घेऊन इस्पितळात धावले. कियोएने डाव्या हाताने कागद धरला आणि चित्रातल्या कॅमेऱ्यावरून अंगठा फिरवला.

"मोमोसेंनी केला तसाच आहे की."

"खिडकी नाही डोळा लावायला. मोमोसे तोंड पाडून बसलाय."

"एप्रिल म्हणजे थांबायला हवं मला," ती म्हणाली.

मुलगी चिझुरू नागोयाहून आली होती. तिने फोन काढला. "आई, इकडे बघ. एक फोटो."

"नको गं. बाबांनी सांगितलंय ना, पहिला त्यांच्या लेन्सने. थांबू."

होसाका तिथेच उभे होते. त्यांना अभिमान वाटला. त्या क्षणी त्यांनी चिझुरूला काढ म्हणायला हवं होतं, पण त्यांना अभिमान वाटला.

फेब्रुवारीत, तळं गोठलेलं असताना, एका सकाळी कियोए गेली.

अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणारा माणूस दुपारी घरी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "होसाकासान, वेदीवर ठेवायला बाईंचा फोटो लागेल. उद्या सकाळपर्यंत दिलात तर बरं."

चिझुरूने कपाटं उघडली, होसाकांनी संगणक. डोंगर निघाले. हंस निघाले. एकाच झाडाचे चार ऋतूंतले चाळीस फोटो निघाले. चिझुरू चटईवर मांडी घालून बसली आणि अल्बम बंद करत म्हणाली, "बाबा, आई कुठे आहे?"

दुरुस्तीवाल्याने परत पाठवलेले तीन फोटो टेबलाच्या खणात होते. होसाकांनी ते काढून दिले. "ही काय."

तिने फोटो हातात घेतला आणि कितीतरी वेळ पाहिला. "हे वर्तमानपत्र आहे, बाबा."

शेवटी शेजारच्या बाईंच्या फोनमध्ये सफरचंदांच्या सहलीचा फोटो सापडला. मागच्या रांगेत, दोन टोप्यांच्या मधून, ऊन लागल्याने डोळे बारीक केलेली कियोए. त्या माणसाने तेवढा चेहरा कापून मोठा केला आणि पद्धतीप्रमाणे संगणकावरच तिला काळा किमोनो नेसवला. चौकटीतून कुणीतरी कियोएसारखी बाई बघत होती. लोक येऊन उदबत्ती लावून जात. होसाका त्या फोटोकडे मान वर करून बघू शकले नाहीत.

दहनाला न्यायच्या शवपेटीत जळण्यासारख्याच वस्तू ठेवता येतात. होसाकांनी फुलांमध्ये, तिच्या उजव्या हाताशी, लाकडी कॅमेरा ठेवला. मोमोसे तोंडावर रुमाल दाबून बाहेर गेला.

एकोणपन्नास दिवसांचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा बाजारात आला. होसाका आणायला गेलेच नाहीत. मोमोसे त्यांच्या नावाचा खोका घेऊन दारात उभा राहिला.

"उघड तरी," तो म्हणाला. "दोन वर्षं वाट पाहिलीस."

"कुणाचा काढू?"

"लेन्स तरी चढवून बघ. वहिनींना बरं वाटेल."

होसाकांनी किमोनोच्या तुकड्यातून लेन्स काढली. ती नव्या कॅमेऱ्यावर अशी बसली, की जणू त्याच्यासाठीच घासलेली. मागच्या पडद्यावर अंगणातलं पर्सिमनचं झाड दिसलं, त्यापलीकडे तळं, तळ्यापलीकडचा डोंगर. काहीच धुक्यात नव्हतं. मोमोसे लहान मुलासारखा टाळ्या पिटणार होता, पण त्याने हात आवरले.

"पण ती डावी कड?" त्याने आठवण केली. "बिघडली होती ना?"

होसाकांनी इकडेतिकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. मग त्यांनी व्हरांड्याची पावसाळी लाकडी झडप ओढून बंद केली आणि त्या दिवशीचं छोट्या जाहिरातींचं पान तिच्यावर चार टाचण्यांनी ठोकलं. झडपेवर छान उजेड होता. तो तिथे रोजच असतो. तिकाटणं मांडून त्यांनी फोटो काढला, पडद्यावर मोठा केला आणि कडेकडेने सरकवत नेला.

उजवी कड चोख. डावी कड चोख. चारही कोपऱ्यांतलं अक्षर न् अक्षर लागत होतं.

"बघ! लेन्स ठणठणीत आहे तुझी," मोमोसे म्हणाला. "तो टोकियोवाला खरंच बोलत होता."

होसाका उठले. खणातले तीन फोटो आणून त्यांनी झडपेशी, उजेडात, ओळीने मांडले. वर्तमानपत्राच्या डोक्यावर तारखा स्वच्छ वाचता येत होत्या. जून. जुलै. सप्टेंबर. समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात फोटोत डावीकडे येतो. जूनमध्ये त्या कडेचं पान किंचित मागे कललं होतं. जुलैमध्ये जास्त. सप्टेंबरमध्ये पान त्या बाजूने पार लोंबत होतं, आणि ते धरून ठेवण्यासाठी उजव्या हाताची बोटं इतकी आवळलेली होती, की धूसर असूनही नखं पांढरी पडलेली दिसत होती.

"काय झालं रे?" मोमोसेने विचारलं.

फोटो तिथेच ठेवून होसाका आतल्या खोलीत गेले, वेदीसमोर गुडघे टेकून बसले आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मान वर करून चौकटीकडे पाहिलं.

"हातच होता गं," ते म्हणाले. "तू सांगितलं होतंस मला. जूनमध्येच सांगितलं होतंस."